एकच सर्व्हर, दोन ग्रुप: माझा अनुभव

आमचे चाळीसेक सर्व्हर, सगळे उबुंटू लिनक्सवर. त्यांच्या सेटिंग अॅन्सिबल या साधनाने एकाच जागेवरून लावतो. आधी सगळ्यांना मिळून एकच प्लेबुक (सर्व्हरवर करायच्या कामांची फाइल) होतं, आणि त्यात "अमुक सर्व्हर असेल तर हे करू नको" अशा अटी साचत गेल्या होत्या. म्हणून अॅन्सिबलच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे सर्व्हरच्या यादीत, 'वेब' आणि 'डीबी' (डेटाबेस) असे दोन ग्रुप पाडले आणि दोघांच्या सेटिंगच्या फाइली वेगळ्या केल्या. सिक्युरिटी अपडेटनंतर वेब सर्व्हरनी रात्री आपापल्या ठरलेल्या वेळी आपोआप रीबूट व्हायचं. डेटाबेसवर ते पूर्ण बंद. तिथे रीबूट माणूसच करणार.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी पाहतो तर रिपोर्टचा डेटाबेस सर्व्हर रात्री रीबूट झालेला, आणि हिशेब जुळवणारा जॉब अर्ध्यावर तुटलेला. पोटात गोळाच आला. डीबीची फाइल पुन्हा पुन्हा वाचली. तिथे आपोआप रीबूटपुढे स्पष्ट 'फॉल्स', म्हणजे बंद, होतं.

त्या सर्व्हरवर रिपोर्टचं छोटं वेबपेजही चालायचं, म्हणून मी त्याला दोन्ही ग्रुपमध्ये घातलं होतं. होस्टची, म्हणजे एकेका सर्व्हरची, सेटिंग ग्रुपवर मात करते, पोटग्रुपची मूळ ग्रुपवर, हे मला माहीत होतं. पण एकाच पातळीवरचे ग्रुप अॅन्सिबल नावाच्या अक्षरक्रमाने एकावर एक चढवतं आणि नंतरचं टिकतं, हे तेव्हा कळलं. इंग्रजीत 'डी' आधी, 'डब्ल्यू' नंतर. निव्वळ नावामुळे वेबचा नियम डेटाबेसला लागला होता!

ग्रुपला प्रायॉरिटी, म्हणजे कोणाचं टिकावं ते ठरवणारा आकडा, देता येते. मी ती आधी ग्रुपच्या फाइलीत लिहिली, काहीच फरक पडला नाही. ती इन्व्हेंटरीतच लिहावी लागते. तशी लिहिल्यावर चाललं, पण मन मानेना. उद्या तिसरा ग्रुप आला की पुन्हा आकड्यांची ओढाताण. शेवटी रीबूटचा नियम वेब-डीबीमधून काढलाच. 'रीबूट आपोआप' आणि 'रीबूट हाताने' असे दोन स्वतंत्र ग्रुप केले. प्रत्येक सर्व्हर यांतल्या एकाच ग्रुपमध्ये हवा. दोन्हींत असला किंवा एकातही नसला, तर प्लेबुक पहिल्याच टास्कला थांबतं.

आता काहीही लावण्याआधी अॅन्सिबल-इन्व्हेंटरी या कमांडला त्या होस्टचं नाव देऊन शेवटी हाती येणाऱ्या सेटिंग बघतो. मग चेक (काही न बदलता चालवून बघणं) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणं) हे पर्याय लावून एकाच सर्व्हरवर रंगीत तालीम. त्या दिवशी रिपोर्टच्या सर्व्हरपुढे 'फॉल्स' दिसल्यावरच प्लेबुक खरं चालवलं आणि तुटलेला जॉब पुन्हा सुरू केला. दुपारपर्यंत हिशेब जुळला.