पोर्ट नोलोथ: धुक्यावर जगणारा बेडूक

केपटाउनहून उत्तरेला निघालेला एन-७ महामार्ग स्प्रिंगबॉकच्या पुढे स्टाइनकॉफला पोचतो. तिथे डावीकडे वळलं की रस्ता थेट समुद्राकडे उतरायला लागतो. आनेनूस घाटाच्या माथ्यावर लख्ख ऊन होतं. घाट उतरून सपाटीला लागलो आणि तासाभरात समोर करडं धुकं उभं राहिलं. गाडीच्या काचा ओल्या झाल्या, स्वेटर बाहेर निघाले. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येकडच्या या कोरड्या मुलखाला, नामाक्वालँडला, लोक ऑगस्ट-सप्टेंबरात येतात ते रानफुलांसाठी. फुलं आम्हीही डोळे भरून पाहिली, पण मी इतक्या लांब आलो होतो ते डेझर्ट रेन फ्रॉग या बेडकासाठी. त्याचं शास्त्रीय नाव ब्रेविसेप्स मॅक्रॉप्स.

पोर्ट नोलोथ हे एकेकाळी ओकीपच्या खाणींचं तांबं जहाजात चढवणारं बंदर. नंतर इथे हिरे सापडले. वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरही नाही. आपल्या आंबोलीत भर पावसाळ्यात तेवढा एका दिवसात पडून जातो. अशा गावात बेडूक जगतो कसा, याचं उत्तर समुद्रात आहे. दक्षिणेकडून वर येणारा बेंग्वेला प्रवाह थंडगार असतो. त्याच्यावरची हवा गार होते, तिच्यातली वाफ धुकं होऊन किनाऱ्यावर सरकते. वर्षातले शंभराहून जास्त दिवस इथे असं धुकं असतं, आणि वाळू आतून ओलसर राहते. हा बेडूक तेवढ्या ओलीवर जगतो.

म्हणूनच त्याचा नकाशा इतका चिंचोळा. दक्षिणेला क्लाइनझी, उत्तरेला नामिबियातलं ल्युडेरित्झ, आणि रुंदी किनाऱ्यापासून जेमतेम दहा किलोमीटर. धुकं विरतं तिथे बेडूकही संपतो. प्राणी कुठे आढळतात त्याचे नकाशे मी बरेच पाहिलेत, पण हवामानाने इतकी नेमकी आखलेली रेघ क्वचितच दिसते.

रात्री जेवण उरकून गावाजवळच्या मॅकडूगल्स बेच्या वाळूच्या टेकड्यांकडे गेलो. सोबत तिथलेच एक बेडूक-अभ्यासक होते. वय सत्तरीच्या पुढचं, चाल मात्र माझ्याहून झपाझप. त्यांनी पहिल्यांदाच बजावलं, ‘बेडूक शोधू नका, ठसे शोधा.’ हा प्राणी उड्या मारत नाही. पाय इतके आखूड की तो चालतोच, आणि मऊ वाळूत त्याच्या पावलांची दुहेरी माळ उमटते. अशी एक माळ आम्हाला एका खुरट्या झुडपाला वळसा घालून जाताना दिसली. पुढे ती शेळीच्या लेंड्यांपाशी घुटमळली होती. शेणालेंड्यांवर येणारे किडे आणि अळ्या टिपायला हे बेडूक तिथे येतात, असं त्यांनी सांगितलं. तिथून ठसे चढावर गेले, आणि वाळूच्या एका हललेल्या गोल ठिकाणी थांबले.

त्यांच्याकडे अभ्यासाचा परवाना होता, म्हणून हात त्यांनीच घातला. आधी तळवे पाण्याने ओले केले, मग दोन्ही हातांनी वाळू हळूहळू बाजूला सारली. वर आला तो जेमतेम पाच सेंटिमीटरचा, फुगीर, फिकट पिवळसर जीव. अंगावर तपकिरी नक्षी, तिच्यावर वाळूचे कण चिकटलेले. मान नाहीच. चपट्या तोंडावर दोन टपोरे काळे डोळे, आणि त्यांत आमच्या टॉर्चचा उजेड. पावलं रुंद, वल्ह्यासारखी. त्यांनीच तो वाळू मागे सारत मागच्या मागे जमिनीत उतरतो. दिवसा दहा ते वीस सेंटिमीटर खाली, जिथे ओल असते तिथे जाऊन बसतो.

मग त्यांनी तो क्षणभर वळवून पोट दाखवलं. पोटाच्या मधोमध कातडीचा एक नितळ, पारदर्शक भाग होता. आतली आतडी अस्पष्ट दिसत होती, आणि कातडीत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. ओल्या वाळूवर पोट टेकून तो याच कातडीतून पाणी शोषून घेतो. पिण्यासाठी तोंड लागतच नाही. छायाचित्रांत हे पूर्वी पाहिलं होतं, तरी प्रत्यक्ष पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ओळख पटवायलाही हाच भाग कामी येतो. याच वाळूत ब्रेविसेप्स नामाक्वेन्सिस नावाचा त्याचा भाऊबंद राहतो. वरून दोघे सहज गल्लत होईल इतके सारखे, पण त्याच्या पोटाला अशी खिडकी नाही. मॅक्रॉप्सचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १९०७ मध्ये केलं. नामाक्वेन्सिसची नोंद १९२६ ची, जे. एच. पॉवर यांची. त्यांनी त्या वर्षी या सगळ्या गटाची नव्याने मांडणी केली होती. गटाची कहाणी त्याहून फार जुनी आहे. केपटाउनचा रेन फ्रॉग लिनियसने १७५८ मध्येच ‘राना गिब्बोसा’ म्हणून नोंदवला होता. गटाला ब्रेविसेप्स हे नाव मेरेमने १८२० मध्ये दिलं. हे बेडूक बराच काळ मायक्रोहायलिडी या कुळात मोडत असत. डीएनएचा अभ्यास झाल्यावर ते वेगळे निघाले आणि ब्रेविसिपिटिडी हे त्यांचं स्वतंत्र कूळ ठरलं.

या गटातले बेडूक पाण्यात अंडी घालत नाहीत. नर इतका छोटा आणि मादी इतकी गोल की त्याला तिला धरताच येत नाही. त्यामुळे तो अंगातल्या चिकट स्रावाने तिला चिकटून राहतो. अंडी जमिनीखाली, आणि बेडूकमासा ही अवस्थाच गळलेली. अंड्यातून थेट इवलं बेडूक बाहेर येतं. आपल्या सह्याद्रीतले झुडपी बेडूकही हेच करतात. आंबोलीतल्या रात्री त्यांच्यामागे फिरलेल्यांना हे ठाऊक असेल. दोघांचं नातं दूरचं, पण डबक्यावाचून जगण्याची तोड दोघांनी आपापली काढली.

तो मशहूर व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल, रबरी खेळणं दाबल्यासारखा चिरकणारा बेडूक. २०१३ पासून तो फिरतोय. ती किंकाळी भीतीची असते. आमच्यासमोर तो ओरडला नाही, याचा मला आनंद झाला. खाली ठेवल्यावर तो आधी गप्प बसला, मग डावी-उजवी पावलं टाकत निघाला आणि मिनिटभरात वाळूत दिसेनासा झाला. जाताना टेकडीपलीकडून एका नराची लांब, वर चढत जाणारी शीळ ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी अलेक्झांडर बेच्या रस्त्याने उत्तरेला गेलो. वाटेत होलगाट नदीचं कोरडं पात्र लागतं. इथल्याच एका नमुन्यावरून ॲलन चॅनिंग यांनी २०१२ मध्ये ब्रेविसेप्स ब्रांची ही नवी प्रजाती जाहीर केली. एवढ्याशा किनाऱ्यावर तीन प्रजाती, आणि तिसरीचं वर्णन लिहिलं तेव्हा हातात एकच बेडूक.

रस्त्याच्या डाव्या हाताला मैलोन्‌मैल हिऱ्यांच्या खाणींची कुंपणं. काही ठिकाणी टेकड्या खणून पालथ्या घातलेल्या. ऑरेंज नदीपलीकडे नामिबियाचा भाग १९०८ पासून हिऱ्यांसाठी बंद ठेवला होता. खाणींनी किनाऱ्याची चाळण केली, पण बंदीमुळे मधला पट्टा माणसांच्या वर्दळीपासून वाचला. त्याच बंदीमुळे बेडूक शोधणारेही तिथे फारसे पोचले नाहीत. आज तो भाग राष्ट्रीय उद्यान आहे. आता ल्युडेरित्झजवळ हरित हायड्रोजनचा मोठा प्रकल्प ठरतोय, आणि नदीच्या अलीकडे, दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला, बुखुबायला खोल पाण्याचं बंदर बांधायचा बेत आहे. दोन्ही जागा याच धुक्याच्या पट्ट्यात येतात. बुलडोझर पोचण्याआधी तिथल्या टेकड्यांवर धुक्याच्या रात्री कुणीतरी टॉर्च घेऊन फिरायला हवं, ठसे मोजायला हवेत आणि प्रत्येक बेडकाचं पोट तपासून तिघांपैकी कोण ते लिहून ठेवायला हवं.