कुक आणि कुकर

"सर, शिकवतो तो टीचर, चालवतो तो ड्रायव्हर, मग स्वयंपाक करतो तो कुकर का नाही?"

मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो, आणि एकही बॅच या प्रश्नावाचून सुटत नाही. एका मुलीनं तर तो मुलाखतीहून परत आल्यावर विचारला होता. 'माय मदर इज अ व्हेरी गुड कुकर' असं ती म्हणाली आणि समोरचे तिघं हसले. एकानं तर आई किती शिट्ट्या करते असंही विचारलं म्हणे. मला त्या तिघांचा राग आला. पोरीचं तर्कशास्त्र चोख होतं, घोळ इंग्रजीनं घातलेला.

तर त्या प्रश्नाचं उत्तर असं. 'कुक' हा शब्द इंग्रजीत आला तोच मुळी माणूस म्हणून. लॅटिनमध्ये आचाऱ्याला 'कोकुस' म्हणत. तो शब्द जुन्या इंग्रजीत रुळला आणि शिजवणे या अर्थाचं क्रियापद त्यावरून नंतर निघालं. शिजवणारा आधी, शिजवणं मागून. मग त्याला आणखी शेपूट कशाला लावायचं? 'कुकर' तयार झाला तो थेट एकोणिसाव्या शतकात, शिजवायच्या साधनासाठी. तोवर माणसाची खुर्ची भरलेली होती.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. ई आणि आर ही दोन अक्षरं माणूस दाखवतात की वस्तू? दोन्ही. मराठीत आपल्याला हा त्रास नाही. लाटणारी ती बाई आणि लाटणं ते लाकडी. चाळणारा माणूस, चाळणी ती जाळीची. किसणारी वेगळी आणि किसणी वेगळी. करणाऱ्याला '-णारा', हत्याराला '-णं' नाहीतर '-णी'. स्वयंपाकघरात उभं राहून एकदा मोजून बघा, किती भांडी या एका नियमावर चालतात. इंग्रजीनं मात्र दोघांना एकाच ताटात बसवलं आहे. त्यामुळे 'प्रिंटर' आधी छापखान्यातला माणूस होता, आता टेबलावरचं यंत्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'टाइपरायटर' म्हणजे यंत्रही आणि त्यावर बसणारी मुलगीही.

'कंप्युटर'चं उदाहरण तर आपल्या देशातलंच आहे. सतराव्या शतकापासून इंग्रजीत कंप्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. भारताची मोजणी करणाऱ्या ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हेमध्ये ते एक पदच होतं. ज्या शिखराला पुढे एव्हरेस्ट नाव मिळालं, त्याच्या उंचीच्या गणिताशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते राधानाथ सिकदार हुद्द्यानं 'चीफ कंप्युटर' होते. हे वर्गात सांगितलं की पोरं आधी हसतात, मग गप्प होतात.

आता ही शेपटी आली कुठून? इथं मी एसटीत शिरतो, कारण याहून चांगला फळा मला सापडलेला नाही. पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर. कानाला दोन्ही शेवट सारखेच, स्पेलिंगमध्ये मात्र एकाला ई-आर आणि दुसऱ्याला ओ-आर. ड्रायव्हरचा 'ड्राइव्ह' अस्सल इंग्रजी मातीतला. त्याची शेपटी अमुक धंदा करणारा सांगणाऱ्या लॅटिन '-आरिउस'वरून जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळानं, फार पूर्वी उचलली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कंडक्टर मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत लॅटिन. त्यातला 'टॉर' आणि आपल्या दाता, नेता, वक्ता यांतला 'ता' हे सख्खे भाऊ. संस्कृतातला तो 'तृ' प्रत्यय; संस्कृतातला जनितृ म्हणजे लॅटिनमधला 'गेनितोर'. म्हणजे घंटी वाजवणारा मास्तर नात्यानं आपल्याला जास्त जवळचा. डॉक्टरही त्याच कुळातला, आणि डॉक्टर या शब्दाचा मूळ अर्थ शिकवणारा. हे मी आमच्या गावातल्या एका डॉक्टरांना सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

इथवर सगळे 'करणारे' झाले. पण 'बिगर', 'स्मॉलर'मध्ये कोण काय करतं? कोणीच नाही. तो ई-आर तुलनेचा, आणि त्याचा ड्रायव्हरशी काडीचा संबंध नाही. आपण पटकन म्हणतो की हा संस्कृतातला 'तर' असणार, उच्चतर, लघुतर. कानाला पटतं, पण तसं नाही. त्याचं नातं संस्कृतातल्या दुसऱ्या तुलनेशी आहे, श्रेयस् आणि गरीयस् यांतल्या 'ईयस्'शी. 'जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी' हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचलेलं असतं. त्या 'गरीयसी'तली यसी आणि 'बिगर'मधला ई-आर एका घरातून निघाले. हजारो वर्षांत 'स'चा 'र' झाला आणि ओळख पुसली. मग तो 'तर' गेला कुठे? तो 'अदर' आणि 'व्हेदर'मध्ये बसला आहे. संस्कृत 'कतर' म्हणजे दोघांतला कोणता, आणि 'व्हेदर' हा त्याचाच इंग्रजी भाऊ. 'ओव्हर'ची तर गंमतच आहे. तो संस्कृत 'उपरि'चा नातलग, आणि उपरि झिजून मराठीत झाला 'वर'. क्रिकेटची ओव्हर म्हणताना आपण जवळजवळ मराठीच बोलत असतो.

मला सगळ्यांत लाडकी आहे ती तिसरी शेपटी, जी शब्दकोशात शोधायला गेलात तर नजरेतून निसटते. चॅटर, ग्लिटर, फ्लटर, फ्लिकर, पॅटर, मटर. इथं ई-आर म्हणजे पुन्हापुन्हा, थोडंथोडं, थांबून थांबून. मराठी हे काम आवाज दोनदा काढून करते. चॅटर म्हणजे बडबड, ग्लिटर चमचम, फ्लटर फडफड, फ्लिकर लुकलुक, पॅटर टपटप, मटर पुटपुट. वर्गात मी एका बाजूला इंग्रजी शब्द लिहितो आणि पोरांना मराठी ओरडायला सांगतो. त्या दिवशी शेजारच्या दुकानदाराची तक्रार ठरलेली.

चौथी फ्रेंचांची. 1066 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडात आले आणि दरबार, जेवणाचं टेबल आणि पुढे कोर्टकचेरीवरही फ्रेंचचं राज्य झालं. फ्रेंच क्रियापदाचं मूळ रूपच बऱ्याचदा ई-आरनं संपतं. ती रूपं इंग्रजांनी नाम म्हणून जशीच्या तशी उचलली: डिनर, सपर, वकिलांचा वेव्हर म्हणजे हक्क सोडणं, आणि रिमेंडर (रिमाइंडर नव्हे) म्हणजे उरलेलं. डिनरचा मूळ अर्थ उपास सोडणं, म्हणजे खरं तर न्याहारी. रात्री नऊला त्याला डिनर म्हणणं हे नंतरचं. ज्या 'टेंडर'वाचून आपल्याकडे गल्लीतलं गटारही होत नाही, तेसुद्धा पुढे करणे, देऊ करणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलं आहे. तिथं फ्रेंच आर-ई होतं, इंग्रजीनं अक्षरं उलटी केली एवढंच.

एवढी वेगवेगळी माणसं एका गणवेशात कशी आली? इंग्रजी शब्दात जोर बहुधा सुरुवातीच्या अक्षरावर पडतो आणि शेवट तोंडातल्या तोंडात विरतो. जुन्या इंग्रजीत करणाऱ्याला 'एरे', तुलनेला 'रा', पुन्हापुन्हासाठी 'एरिअन' असे शेवट वेगळे होते. शतकानुशतकं घासून सगळ्यांचा उरला एक गुळगुळीत 'अर'.

नंतरच्या भरती फुटकळ आहेत, पण त्यांतही मजा आहे. ऑक्सफर्डच्या पोरांत एकोणिसाव्या शतकात शब्द तोडून शेवटी ई-आर लावायची टूम रुळली. असोसिएशन फुटबॉलचं 'सॉकर' झालं, रग्बीचं 'रगर' आणि नव्या विद्यार्थ्याचं 'फ्रेशर'. पुण्यातल्या कॉलेजांत फ्रेशर्स पार्टी होते ती त्याच टूमेची नात. आपणही काही मागे नाही. षटकाराला 'सिक्सर' म्हणणं आज मुख्यतः भारतीय उपखंडातच ऐकू येतं, आणि पोलिसांच्या तोंडचा 'हिस्ट्रीशीटर' तर अस्सल देशी. ज्याला आपण बॉयलर कोंबडी म्हणतो ती मुळात 'ब्रॉयलर', आणि ती बिचारी काहीच भाजत नाही. भाजायला योग्य म्हणून ब्रॉयलर. करणारा सोडाच, इथं ई-आर जिच्यावर क्रिया होते तिलाच लागला.

हे सगळं सांगून झालं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मग बटर, सर?" तिथं शेपटीच नाही. मूळ शब्द ग्रीक 'बूतुरॉन', म्हणजे गाईचं चीज असं मानतात. त्यातला 'बू' आणि आपली 'गो' एकाच मुळातून आलेले, आणि उरलेलं चीज. एकदा असं सांगितल्यावर ती कुकरवाली मुलगी जरा वेळ विचार करत बसली. घरी दोन म्हशी आहेत त्यांच्या.

"मग सर, आमच्या लोण्याला बटर म्हणायचं की नाही?"