मामांचे पाच युनिट

रात्री पावणेबाराला गेटवरून फोन आला. "सर, टूलरूमच्या मामांची गाडी चार्ज झालेली नाही. त्यांना मंचरला जायचंय."

चाकणच्या आमच्या कारखान्यात विजेचं काम माझ्याकडे आहे. पार्किंगमधले बारा चार्जर कधी चालू, कधी बंद, हेही मीच ठरवतो. खेडहून निघालो, वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचलो.

मामा गाडीला टेकून उभे होते. वायर लावलेली, डॅशबोर्डवर 9 टक्के. "साहेब, दहाला चालू होतो ना आपला चार्जर?"

व्हायचा. जुन्या टीओडी दरात, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरात, रात्री 10 ते सकाळी 6 युनिटमागे दीड रुपया सूट होती. मामा सातच्या जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या जागी गाडी लावून वायर जोडायचे. दहाला चार्जर सुरू, साडेअकराला शिफ्ट सुटेपर्यंत 3.3 किलोवॅटने जवळपास पाच युनिट. तेवढ्यात घर गाठता यायचं.

जुलै 2025 पासून गणित बदललं. दिवसा सौर वीज भरपूर, म्हणून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सवलत. ऊन उतरलं की ती वीज आटते आणि नेमका तेव्हाच घराघरांतला लोड वाढतो, म्हणून 5 ते रात्री 12 जादा आकार. रात्रीची सूट गेली. मी नवं वेळापत्रक अगदी मन लावून केलं होतं. सगळे चार्जर नऊच्या ठोक्याला सुरू झाले, तर कॉम्प्रेसरच्या लोडवर त्यांचा लोड चढून मॅक्झिमम डिमांड, म्हणजे कारखान्याने ओढलेला सर्वाधिक लोड, वीज कंपनीशी केलेल्या कराराच्या वर जाते, आणि वरच्या प्रत्येक केव्हीएला (हा लोड मोजायचं एकक) दीडपट दर लागतो. म्हणून तीन-तीन चार्जर, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. 5 ते 12 सगळे बंद. नोटीस लावली ती ऑफिसच्या गेटवर. टूलरूमची माणसं त्या गेटने येतच नाहीत.

चार्जर हाताने चालू केला आणि आम्ही सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बसलो. चहा आला. मी कागदावर हिशोब मांडला. मामांचे पाच युनिट जादा आकाराच्या वेळेत दिले असते, तर कंपनीचे दहा-बारा रुपये वाढले असते. तेवढ्यासाठी पंचावन्न वर्षांचा माणूस आठ तास मशीनवर उभा राहून रात्री दीडपर्यंत इथे बसला. मला फार लागलं ते. मामा रागावले नाहीत, फक्त घरी फोन करून "जेवून घ्या, झोपा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापत्रक उघडलं. दराच्या आधी आता दोन रकाने आहेत: निघणार कधी, आणि जायचंय किती किलोमीटर. घरी पोहोचण्यापुरते युनिट आधी, मग दर काहीही असो. त्यापुढचं चार्जिंग मात्र स्वस्त वेळेतच. सेकंड शिफ्टसाठी 3 ते 5 चार चार्जर राखून ठेवले. जनरल शिफ्टच्या गाड्या दुपारी एकलाच भरलेल्या असतात आणि तरी जागा अडवून उभ्या राहतात, त्यांच्या मालकांना जेवणानंतर गाडी हलवायला सांगितलं. दोघांनी कुरकुर केली. त्यांना मी मामांची रात्र सांगितली.

दुपारी तीनला दहा कमी असताना मामा आले. वायर मीच लावली. स्क्रीनवर 3.3 उमटेपर्यंत आम्ही दोघंही तिथून हललो नाही.