एनबी, नोंद 11: हायवेवरचा ताप उतरला

91.

पाचवा गिअर, ताशी 100, बाहेर 34 अंश, एसी चालू, आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सलग चाळीस मिनिटं 91 अंशांवर. माझी एनबी, म्हणजे दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-5, हायवेवर तापत होती आणि गेले सात आठवडे मी याच आकड्याच्या मागे होतो. गाडी घरी आणून लावली, बॉनेट उघडलं आणि नुसताच उभा राहिलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी आत जावंसं वाटेना.

मागच्या नोंदीत गाडी 106 वर सोडली होती, एसी लावला तर 109. ट्रॅफिकमध्ये मात्र ती शहाण्यासारखी वागायची: पंखा लागायचा, 95 वरून 92 वर यायची, पंखा बंद. गर्दीत तापणाऱ्या गाडीचं निदान सोपं असतं. पंखा, रिले, श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण), यांतलं काहीतरी एक. ही वेगात तापत होती, म्हणजे वारा भरपूर मिळायला हवा नेमकी तिथेच. आणि कारखान्याच्या काट्यावर विसंबलो असतो तर हे कळलंच नसतं. एमएक्स-5 चा तो काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे उशीर झालाय असंच समजा. म्हणूनच रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) वेगळा सेन्सर बसवून घेतला होता. ज्यांनी अजून बसवला नसेल त्यांनी चाकं, सायलेन्सर, सगळं बाजूला ठेवून आधी तो बसवावा.

नोंद 9 आणि 10 मधली कामं थोडक्यात. थर्मोस्टॅट 82 चा नवा घातला. घालण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याला टांगून, शेजारी थर्मामीटर धरून उकळत ठेवला. 81 ला झडप हलली, नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडली. चांगला होता. रेडिएटरची टोपी नवी. हवा काढण्यासाठी गाडीचं नाक रॅम्पवर चढवलं, हीटर पूर्ण गरमवर, वरची होज हाताने दाबत बसलो. आधी मोठे बुडबुडे आले, मग साबणाच्या फेसासारखे बारीक, मग काहीच नाही. हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधल्या सीलची) शंका मनातून जाईना म्हणून ब्लॉक टेस्टरही लावला. त्यातलं निळं द्रावण ज्वलनातले वायू कूलंटमध्ये मिसळत असतील तर पिवळं पडतं. दहा मिनिटं इंजिन चालवलं, निळं ते निळंच राहिलं. त्या रात्री झोप बरी लागली.

मग रेडिएटर. जुन्याच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा काळा रंग जाऊन तपकिरी झाला होता. तो रंग दिसला की ती टाकी कधीही तडकू शकते, त्यामुळे बदलण्याबद्दल दुमत नव्हतं. पण मी सगळ्यांत जाड कोअरचा (आतल्या जाळीचा) ॲल्युमिनियमचा घेतला, जाड म्हणजे चांगला असं मानून. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण ब्रॅकेटची भोकं 5 मिलिमीटर सरकलेली होती आणि पंख्याचे बोल्ट फिन्सना टेकत होते. अर्धा दिवस कानस घासण्यात गेला. आणि तो लावल्यावर हायवेवरचा आकडा 106 चा 107 झाला! तेव्हा कारण कळेना. आता कळतंय, पण ते ओघाने सांगतो.

इथवर मी सुटे भाग बदलत होतो, निदान करत नव्हतो. मग ठरवलं की आधी मोजायचं, मग पाना उचलायचा.

पहिली चाचणी: खालच्या होजमध्येही सेन्सर. रेडिएटरमध्ये शिरताना 106, बाहेर पडताना 99. फरक 7. पंप कमकुवत असता, कुठे नळी तुंबली असती किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असता, तर कूलंट रेडिएटरमध्ये रेंगाळलं असतं आणि हा फरक फुगला असता. 7 म्हणजे कूलंट व्यवस्थित फिरतंय.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते, कारण तिला कुठलंच उपकरण लागत नाही. ताशी 100 पाचव्यात दहा मिनिटं, मग तोच वेग चौथ्यात दहा मिनिटं. पाचव्यात इंजिन मिनिटाला साधारण 3,200 फेरे फिरतं, चौथ्यात 3,900. गाडी ढकलायला लागणारी ताकद तीच, पंपाचा वेग मात्र जवळजवळ चौथाईने वाढतो. आकडा उतरला तर कूलंटचा प्रवाह कमी पडत होता. चढला तर पंपाच्या ओढीने खालची होज चपटी होत असण्याची शक्यता. जवळपास जागेवरच राहिला तर दोष कूलंटच्या बाजूला नाही, हवेच्या बाजूला आहे. माझा आकडा 107 होता तो 107 च राहिला.

याच सुमारास मी रीरूटचं, म्हणजे कूलंटची वाट बदलण्याचं, किट मागवायच्या बेतात होतो. या गाडीतलं बीपी इंजिन मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये आडवं बसणाऱ्या कुळातलं. आपल्या गाडीत ते उभं बसवल्यावर कूलंटची बाहेर पडायची वाट हेडच्या पुढच्याच टोकाला राहिली. पंपही पुढेच. त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला प्रवाह कमी येतो. रीरूट ती वाट मागे नेतं. टर्बो लावणाऱ्यांनी आणि ट्रॅकवर जाणाऱ्यांनी ते जरूर करावं. पण त्याने इंजिनातली उष्णता सिलिंडरांत नीट वाटली जाते, गाडीबाहेर जास्त फेकली जात नाही. माझी अडचण बाहेर फेकण्याची होती. हे कागदावर मांडलं तेव्हा किटची ऑर्डर थांबवली.

उत्तर सापडलं ते भलतंच काम करताना. पुढच्या अँटी-रोल बारची लिंक टकटक करत होती म्हणून गाडी स्टँडवर घेऊन खाली आडवा झालो. बंपरच्या खालच्या कडेला ओळीने रिकामी भोकं दिसली. त्यांतल्या दोन क्लिप-नट्सचे आटे कोरे करकरीत, तेलाचा थेंब नाही की मातीचा कण नाही. बरीच वर्षं त्यांत बोल्ट होते आणि नंतर कुणीतरी काढले, असा त्याचा अर्थ. मी तिथून वर बघितलं तर रेडिएटरची खालची कडा, होज, अल्टरनेटर, सगळं उघडं. माझ्या गाडीला अंडरट्रेच नव्हता! आधीच्या मालकाच्या काळात कुठल्या तरी सर्व्हिसला काढला असेल आणि परत लावायचा राहिला असेल. ही गाडी मी अकरा महिने चालवतोय. ती जागा रिकामी असते असंच मी धरून चाललो होतो.

प्लॅस्टिकची ती ताटली चिखल अडवायला असते असं मला वाटायचं. तिचं खरं काम हवेचं आहे. रेडिएटरमधून हवा जायची तर पुढे दाब जास्त आणि मागे कमी हवा. ट्रे नसला की नाकाखालून शिरलेली हवा वर इंजिनखान्यात घुसते आणि रेडिएटरच्या मागचा दाब वाढवते. तोंडातून आत आलेली हवाही रेडिएटर टाळून खाली सटकते, कारण तिला ती वाट सोपी पडते. हळू चालताना पंखा हवा ओढून घेतो, त्यामुळे काही जाणवत नाही. वेगात मात्र रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होत जातो. जाड कोअरने आकडा वाढला तो याचमुळे: आधीच दाबाचा फरक तुटपुंजा, त्यात वाट जास्त दाट केली.

पण या वेळी अंदाजावर जायचं नव्हतं. पारदर्शक नळीचा यू आकार करून पट्टीवर चिकटवला, त्यात लाल रंगाचं पाणी भरलं. एक टोक रेडिएटरच्या पुढे बांधलं, दुसरं मागे, आणि दोन्ही नळ्या खिडकीतून आत घेतल्या. भाचा शेजारी बसला, पट्टी मांडीवर उभी धरून. ताशी 80 ला दोन्ही बाजूंतला फरक 7 मिलिमीटर. या वेगाला समोरून येणारा वारा पूर्ण अडवला तर साधारण 30 मिलिमीटर पाणी उचलू शकतो, म्हणजे माझ्या रेडिएटरला त्यातलं चौथाईही मिळत नव्हतं.

घरी येऊन पन्हळी प्लॅस्टिकचा फलक कापला, बंपरपासून पुढच्या सबफ्रेमपर्यंत झिप-टायने बांधला. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या फटींत बंद पेशींचा फोम कोंबला. त्याच रस्त्यावर परत निघालो. 60 च्या पुढे गेलो तोच भाचा ओरडला, "मामा, पाणी चढलं! अजून चढतंय!" 80 ला 18 मिलिमीटर. "नीट बघ रे, गाडी हलली म्हणून नसेल?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही मामा, अठरावरच थांबलंय." आणि कूलंट 93. तो फोम अजून नीट बसवल्यावर दुसऱ्या दिवशी 91 मिळाले.

पक्का ट्रे आता 3 मिलिमीटर एचडीपीईचा (चिवट प्लॅस्टिकचा) केलाय. ॲल्युमिनियमचा विचार केला होता, पण रोजच्या गाडीचं पोट स्पीडब्रेकरला घासणारच. एचडीपीई वाकून परत सरळ होतं, पत्र्याला पोचा पडतो तो कायमचा. बोल्टांऐवजी पाव फेऱ्यात उघडणारे फास्टनर लावले. ट्रे काढायला वीस मिनिटं लागली की तो एक दिवस परत लागत नाही, आणि माझ्या गाडीचं बहुधा हेच झालं होतं.

बाकीच्या कामांत एक आनंदाची गोष्ट. गिअरच्या दांड्याचा टरेट, म्हणजे दांडा बसतो तो कप्पा, उघडला. त्याला गिअरबॉक्सपासून वेगळं, स्वतःचं तेल लागतं. माझा कोरडाठाक होता आणि खालचा रबरी बूट फाटून दोन तुकडे. नवा बूट, नवं बुशिंग, ताजं तेल. आता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मनगटाला जे जाणवतं त्यासाठी मी विनाकारण गिअर बदलत फिरतोय. अख्ख्या गाडीवर एवढ्या कमी खर्चात एवढा फरक मी दुसऱ्या कशानेही पाहिला नाही. सॉफ्ट टॉपच्या मागची पाण्याची भोकंही साफ केली. एका बाजूने ओंजळभर काळा गाळ निघाला.

ऑइल कूलर यादीतून काढतोय. कूलंट 91 वर असताना रोजच्या वापरात तो लावला तर तेलाला तापायलाच वेळ लागेल. रीरूट पुढे ढकललं, टर्बोचा विचार पक्का झाला तर बघू. बॉनेटची मागची कडा वॉशर घालून उचला असा सल्ला दोघांनी दिला होता, तो मी मानणार नाही. काचेच्या पायथ्याशी वेगात दाब वाढलेला असतो, त्यामुळे तिथून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची आत येण्याचीच शक्यता जास्त.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. पंख्यांचा श्राउड पंख्यांची दोन वर्तुळं सोडली तर रेडिएटरची बाकी सगळी मागची बाजू झाकतो. गर्दीत ते बरं, पण वेगात तीच भिंत होते. त्यात चौकोनी खिडक्या कापून वरून पातळ रबराच्या झडपा लावल्या तर? पंखा ओढेल तेव्हा त्या चिकटतील, वारा ढकलेल तेव्हा उघडतील. येत्या रविवारी चाकांचं अलाइनमेंट करायचं ठरवलं होतं, ते आठवडाभर पुढे गेलं. नळी, पट्टी आणि लाल पाणी तयारच आहे, भाच्याला निरोप दिलाय. 18 चे 22 झाले तर जाड कोअर ठेवेन, नाहीतर पातळ कोअरचा रेडिएटर शोधायला लागेन.

एक किरकोळ काम राहिलंय. ताशी 70 च्या आसपास ट्रेचा डावा कोपरा थरथरतो. तिथल्या फास्टनरखाली रबरी वॉशर घालून बघतो.