पासष्टीच्या पुढचे घरात बसा, पण जिवंत आहात ते येऊन सांगा

2020 चा नोव्हेंबर. एकीकडे सरकार रोज बजावतंय की पासष्टच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, आणि त्याच महिन्यात आम्हा पेन्शनरांचा हयातीचा दाखला द्यायचा असतो. महसूल खात्यात जन्म गेला माझा, अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, त्यामुळे दोन आदेश एकमेकांच्या आडवे येणं मला काही नवीन नाही. पण तेव्हा मी टेबलाच्या आतल्या बाजूला असायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी जिल्हा कोषागारातून बँकेच्या शाखेत येते, आपण नोव्हेंबरात जाऊन आपल्या नावापुढे सही करायची की झालं. नाही केली तर पुढची पेन्शन थांबते. एरवी मला हा प्रकार आवडायचा खरं तर, जुने सोबती भेटायचे, कोणाचं बीपी, कोणाच्या मुलाचं अमेरिकेत काय चाललंय, बँकेबाहेर चहा व्हायचा. त्या वर्षी पुण्याहून मुलीचा फोन, बाबा तुम्ही अजिबात जायचं नाही. हिचं म्हणणं, अगं मग पेन्शन थांबली तर घर काय वाफ घेऊन चालवू का. दोघींचं बरोबर होतं.

गेलो शेवटी. मास्क, वर रुमाल, खिशात सॅनिटायझरची बाटली. बँकेबाहेर पेंटने गोल आखलेले, एकेका गोलात एकेक म्हातारा, आत एका वेळी दोघंतिघं सोडत होते. बसायला काही नाही. माझ्या पुढे एक गृहस्थ वॉकर घेऊन उभे, त्यांना कोणीतरी आतली खुर्ची आणून द्यावी एवढं कोणाला सुचेना, मग वॉचमनने स्वतःचं स्टूल दिलं. त्या वॉचमनला मनातल्या मनात नमस्कार केला मी. माझा नंबर आला तर यादीत नाव नाही! मी नाशिकरोडहून इंदिरानगरला राहायला आलो तेव्हा शाखा बदलून घेतली होती, ती बदली कुठेतरी कागदावरच राहिली असावी. प्लास्टिकच्या पडद्याआडचा मुलगा म्हणाला, काका ऑनलाइन करून टाका ना, घरबसल्या होतं.

घरबसल्या म्हणजे काय ते ऐका. जीवन प्रमाण म्हणून केंद्र सरकारची सोय आहे, 2014 पासूनची. आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शन द्यायच्या आदेशाचा नंबर, खातं नंबर, मोबाईलवर ओटीपी, इथपर्यंत ठीक, पण मग बोटाचा ठसा लागतो आणि त्याचं मशीन आपल्या घरी कुठून असणार? म्हणजे परत बाहेर, कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात, आणि ज्या काचेवर सकाळपासून सगळ्या गावाने बोट ठेवलंय तिच्यावर आपलंही बोट ठेवायचं. ते आपण दारातून आलेलं दूधसुद्धा पिशवी धुवून घेत होतो त्या दिवसांत!

ठसा काही उमटेना. अंगठा झाला, तर्जनी झाली, डावा हात झाला. वय झालं की कातडी कोरडी पडते, रेषा बुजतात, त्यात सॅनिटायझर चोळून चोळून हाताची पार वाट लागलेली. केंद्रातली मुलगी बिचारी चांगली होती, आजोबा साबणाने धुवा, आजोबा थोडं व्हॅसलीन लावा. मशीनचं आपलं एकच, मॅच होत नाही. म्हणजे माणूस समोर उभा आहे, बोलतोय, घाम पुसतोय, आणि तो जिवंत आहे हे त्या मुलीला दिसतंय पण तिला तसं लिहायचा अधिकार नाही.

तेव्हा मला नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याची आठवण झाली. नोकरीत काही वर्षं मी तिथे तहसीलला होतो, माझ्याकडे संजय गांधी निराधारचं टेबल. 1980 ची ती योजना, तिच्या लाभार्थ्यांनाही दरवर्षी हयात असल्याचं दाखवावं लागायचं. डोंगरातल्या पाड्यांवरून म्हाताऱ्या यायच्या, काही पहाटे निघून पायी, आणि येऊन ऑफिसच्या आवारातल्या झाडाखाली बसून राहायच्या. कोणाला पायऱ्या चढवत नसत, कोणाला नुसती साहेबांच्या खोलीत जायची भीती. आमचे तेव्हाचे नायब तहसीलदार मोठे तिरसट, स्टाफवर ओरडल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. पण त्या दिवसांत ते खाली उतरायचे, मी मागे रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन, झाडाखालीच ओळख पटवायची, अंगठा घ्यायचा, सही करायची. एका आजीचा अंगठा कामाने असा गुळगुळीत झालेला की नुसता निळा डाग उमटला. साहेबांनी बघितलं, म्हणाले लिहा, समक्ष पाहिले. दोन शब्दांचा शेरा, काम संपलं. मी काही त्या काळाची आरती ओवाळत नाहीये, तेव्हाही खेटे होते, चहापाणी होतं, एका फेरफाराला वर्ष लागायचं हे मी आतून पाहिलंय. पण नियमाच्या वर अर्धा इंच जागा असायची आणि ती वापरणारा एखादा माणूस असायचा. मशीनमध्ये ती जागाच ठेवलेली नाही.

शेवटी त्या मुलीनेच सांगितलं, दुसऱ्या एका केंद्रात डोळ्यांचं मशीन आहे तिथे जा. बुबुळाचं स्कॅन. तिथे चष्मा काढला, दुर्बिणीसारख्या त्या डब्यात बघितलं, लगेच झालं. फॉर्ममध्ये मात्र विचारलं होतं, पुनर्विवाह केला आहे का. घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणे, बघा विचार करून, कोविडमध्ये लग्नं पन्नास माणसांत होतायत, खर्च कमी.

नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेला माझा एक मित्र आहे, त्याची केंद्र सरकारची पेन्शन. त्यांना त्याच नोव्हेंबरात पोस्टमन घरी येऊन दाखला करून देऊ लागला, सत्तर रुपयांत, शिवाय मुदत वाढून 28 फेब्रुवारीपर्यंत गेली. हे मला त्याने मी सगळी रपेट करून आल्यावर फोनवर हसत हसत सांगितलं, हे सांगायला नको.

आता चेहऱ्यावरून करायचं ॲप आलंय, 2021 च्या नोव्हेंबरअखेर केंद्राने सुरू केलं. नातू मोबाईल धरतो, मी डोळे मिचकावतो, होतं. फक्त एक लक्षात ठेवा, प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा, एसएमएस आला म्हणजे काम झालं असं नाही, तो दाखला पुढे स्वीकारला गेला का नाकारला हे परत जीवन प्रमाणच्या साइटवर बघावं लागतं. पीपीओ नंबरात किंवा खात्यात एक आकडा इकडेतिकडे झाला तरी नाकारतात. आणि ज्यांची बोटं माझ्यासारखी झालीत त्यांनी केंद्रात जायच्या आधी फोन करून विचारा, डोळ्यांचं मशीन आहे का.