बागेची किल्ली कोणाकडे?

1970 च्या दशकात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले होते. घरमालक मालमत्ता कर भरेनासे झाले, इमारती ओस पडल्या किंवा जळून गेल्या आणि थकबाकीपोटी असंख्य भूखंड महापालिकेच्या ताब्यात आले. 1973 मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या ‘ग्रीन गरिलाज’ या गटाने बावरी आणि हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा असाच एक भूखंड कचरा उपसून लागवडीखाली आणला आणि पुढच्याच वर्षी पालिकेने तो त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिला. या एका डॉलरचे सर्वत्र कौतुक होते. मला मात्र पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ त्यातच दिसते, कारण भाडे नाममात्र असले की भाडेकरूचा हक्कही नाममात्रच मानला जातो.

1978 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रीनथंब’ या पालिकेच्या योजनेतून, रहिवासी स्वयंसेवकांनी चालवलेल्या अशा सामुदायिक बागांना माती, लाकूड, अवजारे आणि तात्पुरता परवाना मिळू लागला. 1990 च्या दशकात जमिनीचे भाव वाढले आणि ‘तात्पुरता’ म्हणजे नेमका किती काळ, हा प्रश्न उभा राहिला. 1999 मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी 114 बागा लिलावात काढल्या. विरोधकांना त्यांनी साम्यवादाचे युग संपल्याची आठवण करून दिली. लिलावाच्या तोंडावर ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ या संस्थेने साठहून अधिक बागा आणि अभिनेत्री बेट मिडलर यांच्या ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ने उरलेल्या पन्नासेक बागा विकत घेतल्या. सगळ्याच बागा इतक्या सुदैवी नव्हत्या. फेब्रुवारी 2000 मध्ये ईस्ट व्हिलेजमधील ‘एस्परांसा’ बागेवर बुलडोझर फिरला आणि बागा पाडण्यास न्यायालयाने स्थगिती दिली ती त्याच दिवशी, काही वेळाने. अखेर 2002 मध्ये राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर आणि नवे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्यात समझोता होऊन सुमारे 400 बागा राखायच्या आणि इतर काही जागांवर घरे बांधायची, असे ठरले.

त्यामुळे आज एकाच गल्लीतल्या दोन बागांचे मालक निराळे असू शकतात: एकीचा पालिकेचा उद्यान विभाग, तर दुसरीचा एखादा भूविश्वस्त न्यास, म्हणजे बागांच्या जमिनी आपल्या मालकीत ठेवून राखणारी संस्था. बाग चालवणारे स्वयंसेवक दोन्हीकडे सारखेच असले, तरी कोणाला काय उत्तर द्यायचे हे या मालकीवर ठरते. पालिकेच्या जमिनीवरील बागेला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो आणि त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी अट फाटकाविषयी आहे: एप्रिल ते ऑक्टोबर या काळात बाग आठवड्यातून किमान 20 तास सर्वांसाठी उघडी असली पाहिजे आणि त्या वेळा फाटकावर लावलेल्या असल्या पाहिजेत. कुंपण आणि कुलूप दोन्ही बागेला लागतातच. परंतु ज्यांच्याकडे किल्ली आहे तेवढ्यांचीच बाग होऊन बसली, तर सार्वजनिक जमीन मूठभर लोकांना फुकट दिल्यासारखे होते. स्वयंसेवकांना ही अट जाचक वाटते, कारण नोकरी सांभाळून फाटकाशी बसणार कोण? तक्रार खरी आहे. तरीही अट सैल करू नये, असे माझे मत आहे.

फाटकाच्या आतला कारभार आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची आठवण करून देणारा असतो. वाफे मोजके आणि इच्छुक पुष्कळ, म्हणून प्रतीक्षायादी ठेवावी लागते; वाफा घेऊन महिनोन्महिने न फिरकणाऱ्याचे काय करायचे, यावर वाद होतात; रस्त्यावरच्या अग्निशमन नळातून पाणी घेण्याची परवानगी कोणी काढायची आणि सामाईक कामाचे तास कोणी भरले नाहीत, याची नोंद ठेवावी लागते. ‘सामाईक संसाधनांचा सांभाळ’ या विषयावरील संशोधनासाठी 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनोर ऑस्ट्रम यांनी असे सांभाळ जिथे टिकले तिथे काय आढळले ते नोंदवले आहे: नियम पाळणाऱ्यांनाच ते बदलता येतात आणि चुकणाऱ्याला शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते. आधी तोंडी समज, मग लेखी सूचना आणि शेवटी वाफा परत घेणे, असा क्रम आधीच लिहून ठेवलेल्या बागेत भांडण व्यक्तींवर घसरत नाही. जिथे सारे एका उत्साही संस्थापकाच्या शब्दावर चालते, तिथे तो थकला की किल्लीही त्याच्याच खिशात अडकून पडते.

न्यासाच्या बागांना लिलावाचे भय राहिले नाही, पण विमा, कुंपणाची दुरुस्ती आणि संचालक मंडळासाठी वेळ देऊ शकणारी माणसे, हा भार त्यांच्याच अंगावर आला. पालिकेच्या बागांवर घरांची टांगती तलवार असते. मॅनहॅटनमधील एलिझाबेथ स्ट्रीट गार्डनच्या जागेवर वृद्धांसाठी परवडणारी घरे बांधण्याची योजना अनेक वर्षे कोर्टकचेऱ्यांत अडकली आणि जून 2025 मध्ये पालिकेने ती सोडून दिली. बाग वाचली याचा आनंद मानणाऱ्यांत मीही आहे, मात्र घरांची वाट पाहणाऱ्या वृद्धांचा दावा माझ्या आवडीपेक्षा हलका होता, असे मला म्हणता येत नाही.