घरी 60, दुकानात 144

म्हापशातल्या आमच्या दुकानात पाऊस सुरू झाला की येणारी कामं ठरलेली: जळालेले पॉवर सप्लाय, विजेच्या कडकडाटात मेलेले राउटर, ओल धरलेले बोर्ड. या जूनमध्ये त्यांत एक निराळं प्रकरण आलं. शिवोलीचा कॉलेजातला मुलगा, सोबत वडील. 2560 × 1440 चा, 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र ताजं करणारा मॉनिटर.

"दादा, एकच गेम त्रास देतो. कधी मस्त चालतो, कधी चित्र मधोमध फाटतं. फ्रेम मात्र 140 च्या खाली येत नाहीत."

हे सगळं मॉनिटरची एचडीएमआय केबल काढून डिस्प्लेपोर्टची, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या जोडणीची, लावल्यावर सुरू झालं होतं. त्यामुळे विकणाऱ्यानं आधी दुसरी केबल गळ्यात मारली, मग मॉनिटरच खराब ठरवला. या मोडला, म्हणजे एवढ्या रुंदी-उंची-हर्ट्झला, सेकंदाला साधारण 14 गिगाबिट लागतात आणि डिस्प्लेपोर्ट 1.2 वरून 17.28 जातात. केबल कमी पडत असती तर पडदा काळा झाला असता किंवा लुकलुकला असता, फ्रेम फाटल्या नसत्या. एवढा हिशेब न करता ग्राहकाला खर्चात पाडणं मला पटत नाही.

फ्रेमचा आकडा म्हणजे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं ते. पडदा किती दाखवतो ते नव्हे. व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला पडद्याच्या तालावर चालवणारी सोय, बंद असेल तर 60 हर्ट्झच्या पडद्यावरही काउंटर 140 दाखवतो, आणि 16.67 मिलिसेकंदांच्या एका फेरीत तीन-चार फ्रेमचे तुकडे एकाखाली एक उमटतात. गेम खेळणारी मुलं त्या आकड्यावर फार विसंबतात.

विंडोजवरही इथे विसंबता येत नाही. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये, म्हणजे पडदा पूर्णपणे गेमच्या ताब्यात असताना, गेम डेस्कटॉपचा मोड बाजूला सारून रुंदी, उंची आणि हर्ट्झ स्वतः ठरवतो. ऑल्ट-टॅब मारून बाहेर आलात की डेस्कटॉपचा मोड परत येतो आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये 144 च दिसतात. म्हणून गेम चालू असताना मॉनिटरची बटणं दाबून त्याच्याच मेनूतलं माहितीचं पान बघायचं. तिथे 60 दिसले.

सेटिंग नीट करून दिलं, दुकानात तासन्‌तास 144 टिकले. घरी नेल्यावर पुन्हा 60. तेव्हा वडिलांना विचारलं, "मॉनिटरची पिन कुठे लावता?"

"सीपीयू यूपीएसवर, मॉनिटर भिंतीच्या सॉकेटला. बॅकअप जास्त मिळतो, असं सांगितलेलं."

तिथेच उलगडलं. वाऱ्यानं माडाची झावळी तारेला लागली की लाइट क्षणभर जाऊन येते. सीपीयू चालूच राहतो, मॉनिटर बंद पडतो. एचडीएमआयमध्ये कार्डाकडून 5 व्होल्ट जातात, त्यावर मॉनिटरची ओळख सांगणारी चिप जागी राहते, त्यामुळे बऱ्याच मॉनिटरांत वीज गेली तरी कार्डाला तो जोडलेलाच वाटतो. डिस्प्लेपोर्टवर वीज गेली की मॉनिटर काढून टाकल्यासारखंच होतं. विंडोज तात्पुरता एक मामुली पडदा मानून चालतं, आणि त्याच क्षणी हा गेम मोडची यादी नव्यानं मागतो. यादीत 144 नसतातच. गेम 60 घेतो आणि सेटिंगच्या फाइलमध्ये लिहूनही टाकतो. वीज आली, मॉनिटर आला, फाइल मात्र तशीच.

दुकानात गेम चालू ठेवून मॉनिटरची पिन उपटली, थोड्या वेळानं लावली. माहितीच्या पानावर 60. फाइल उघडली, रिफ्रेशच्या, म्हणजे हर्ट्झच्या, ओळीतही 60. मुलाचे डायरेक्टएक्स 12 वरचे (विंडोजच्या चित्रं काढायच्या नव्या पद्धतीवरचे) गेम डेस्कटॉपचेच हर्ट्झ घेतात, म्हणून ते कधी अडले नाहीत.

उपाय सोपे. मॉनिटर यूपीएसवर घ्यायचा. त्याला लागणाऱ्या 30-40 वॉटनं बॅकअप थोडा घटतो, घटू दे. फाइलमध्ये 144 लिहायचे. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्या गेमसाठी 'प्रिफर्ड रिफ्रेश रेट' हा 'हायेस्ट अव्हेलेबल' करायचा. तरी नाही जमलं तर गेम बॉर्डरलेस विंडोत, म्हणजे पडदाभर पसरलेल्या बिनचौकटीच्या खिडकीत चालवायचा; त्यात हर्ट्झ डेस्कटॉपचेच राहतात.

मला खटकतं ते गेम बनवणाऱ्यांचं वागणं. मेनूत फक्त रुंदी-उंची विचारायची, हर्ट्झ लपवायचे, आणि अडचणीत घेतलेला मोड वापरणाऱ्याची निवड म्हणून कायमचा लिहून ठेवायचा. विंडोज नवा मोड लावल्यावर 15 सेकंदांत होकार आला नाही तर जुन्यावर परततं. तेवढी काळजी इथे का घेतली जात नाही? फाइल 'रीड-ओन्ली' करावी, म्हणजे गेमला तीत काही लिहिताच येणार नाही, असं मनात आलं होतं, पण मग मुलानं माउसची सेन्सिटिव्हिटी बदलली तर तीही टिकणार नाही. ते त्याच्यावर सोडलं.